ज्यानें आरोप ठेविला त्यानें न्याय करावा काय?

न्यायालयांत जाण्याचा प्रसंग ज्यांस आला आहे अशा वाचकांस तेथील दोन माणसें ठाऊक आहेत. एक उंच आसनावर बसतो व बहुतेक वेळ ऐकत असतो. दुसरा खालीं उभा राहून सरकारच्या वतीनें आरोपीचा दोष सिद्ध करूं पाहतो. पहिला न्यायाधीश, दुसरा सरकारी वकील. वर्ध्याच्या कचेरीचे खेटे घातलेल्या शेतकऱ्यास या दोघांच्या कामांतील भेद समजावून सांगावा लागत नाहीं. परंतु खालीं उभा असलेला हा मनुष्य कांहीं वर्षांनीं वरच्या आसनावर जाऊन बसूं शकतो, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. ज्यानें वीस वर्षें आरोप करण्याचेंच काम केलें, त्याच्या हातीं निवाडा द्यावा काय? हा प्रश्न मोठ्या शहरांतील वकीलमंडळींचा आहे, खेड्यांतल्या मंडळीस त्याचें काय, असें कोणास वाटेल. त्यानें थोडा धीर धरावा.

प्रथम आपल्या बाजूचेंच एक उदाहरण घेऊं. महंमद हिदायतुल्ला हे नागपूरच्या मॉरिस कॉलेजांत शिकलेले. १९४२ सालच्या डिसेंबरांत ते नागपूर हायकोर्टांत सरकारी वकील झाले, १९४३ सालीं मध्यप्रांत व वऱ्हाडचे ॲडव्होकेट जनरल झाले, आणि १९४६ सालीं त्याच हायकोर्टांत न्यायाधीश म्हणून बसले. आपला वर्धा जिल्हा त्या काळीं त्याच हायकोर्टाच्या अधिकाराखालीं होता. काल जे सरकारची बाजू मांडीत होते ते आज सरकार आणि रयत यांच्यामध्यें बसले. पुढें १९५४ सालीं ते तेथील मुख्य न्यायाधीश व १९६८ सालीं भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांनीं जन्मभर सरकारचीच री ओढली काय? तसें दिसत नाहीं. १९६७ सालच्या गोलकनाथ खटल्यांत, संसदेस नागरिकांचे मूलभूत हक्क हिरावून घेतां येणार नाहींत असें ज्या बहुमतानें ठरविलें, त्या बहुमतांत ते होते. पुढें १९७३ सालीं तो निर्णय फिरला, ती कथा निराळी. परंतु सरकारचा जुना वकील सरकारच्या विरुद्ध निकाल देऊं शकतो, एवढें यावरून कळतें.

आरोप करण्याचें काम करतां करतां मनुष्यास दोन गोष्टी प्राप्त होतात. एक ज्ञान आणि दुसरें वळण. ज्ञान असें कीं, आरोप हा कसा तयार होतो हें त्यानें आंतून पाहिलेलें असतें. साक्षीदार बोलतो एक आणि ठाण्यांतील कागदावर उतरतें दुसरें. पंचनाम्यावर अंगठा देणाऱ्या पंचानें ती जागा कित्येकदां पाहिलेलीहि नसते. ज्याला सर्व गांव चोर म्हणतें त्याच्यावर चोरीचा पुरावा गोळा करणें सर्वांत सोपें असतें, कारण कोणी उलट विचारीतच नाहीं. हें पुस्तकांत वाचून कळत नाहीं. पोलिसांपुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करूं नये, असा नियम १८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्यांत घातला गेला व २०२३ सालच्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि तो ठेविला आहे. हा नियम कां हवा हें ज्यानें अशा कबुल्या हाताळल्या आहेत त्याच्याइतकें कोण जाणेल? म्हणून आरोपाचा कच्चा टांका जुन्या सरकारी वकिलास जितका लवकर दिसतो तितका तो पोथींतल्या पंडितास दिसत नाहीं.

परंतु वळण ही गोष्ट वेगळी आहे. नांगराचा बैल सवयीनें त्याच तासांत चालतो. ज्याच्यापुढें वर्षानुवर्षें आरोपीच उभे केले गेले, त्यास समोर आलेला प्रत्येक मनुष्य आरंभींच अर्धा दोषी वाटूं लागला तर नवल नाहीं. आणि याहूनहि खोल एक धोका आहे. मनुष्यानें एकदां तोंडानें आरोप उच्चारला म्हणजे तो आरोप त्याचा होतो. मग आरोपी सुटला तर आपण हरलों असें त्यास वाटतें. येथें न्यायाचा प्रश्न संपून मानाचा प्रश्न सुरू होतो.

हा धोका किती मोठा आहे हें पाहावयाचें तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन मोठ्या खटल्यांकडे वळलें पाहिजे. राष्ट्रांच्या पुढाऱ्यांस कैद्यांच्या पिंजऱ्यांत उभें करून अनेक राष्ट्रांच्या न्यायाधीशांनीं त्यांचा न्याय करावा, अशी गोष्ट त्या वेळीं प्रथमच मोठ्या प्रमाणावर घडली. जर्मनीच्या पुढाऱ्यांचा खटला न्यूरेंबर्ग येथें चालला. त्याचे नियम १९४५ च्या उन्हाळ्यांत लंडन येथें चार राष्ट्रांनीं बसून ठरविले. रशियाच्या वतीनें तेथें इओना निकितचेन्को हे आले होते. हे मोठे पुढारी दोषी आहेत हें राष्ट्रप्रमुखांनीं आधींच जाहीर केलें आहे, न्यायालयानें आतां प्रत्येकाचा वांटा व शिक्षा तेवढी ठरवावी, असें त्यांचें म्हणणें होतें. ८ ऑगस्ट १९४५ रोजीं करारावर त्यांनीं सही केली. आणि थोड्याच दिवसांनीं हेच गृहस्थ त्याच न्यायालयांत रशियाचे न्यायाधीश म्हणून बसले! फ्रान्सच्या वतीनें वाटाघाटी करणारे रोबेर फाल्को हेहि तेथें पर्यायी न्यायाधीश झाले. १ ऑक्टोबर १९४६ रोजीं निकाल पुरा झाला. बावीस आरोपींपैकीं तिघे निर्दोष सुटले. त्या तिघांस सोडूं नये, आणि ज्या हेसला जन्मठेप दिली त्यास फांशी द्यावी, असें एकट्या निकितचेन्कोंनीं वेगळें मत नोंदविलें. त्यांचें मत पुराव्यावरून झालें कीं लंडनच्या बैठकींतच झालें होतें, हें ते स्वतः सोडून कोण सांगणार? परंतु शंका कायमची राहिली, आणि ती त्यांच्यावरच नव्हे तर त्या सबंध निकालावर राहिली.

त्याच खटल्यांत याच्या उलट एक मनुष्य होता, तो येथें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. अमेरिकेचे मुख्य फिर्यादी वकील रॉबर्ट जॅक्सन हे तिकडील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. ते आसनावरून उतरून आरोप करावयास आले. येण्यापूर्वींच, १९४५ च्या एप्रिलांत, त्यांनीं एका भाषणांत बजावलें होतें कीं, दोष सिद्ध न झाल्यास ज्याला सोडावयाची तुमची तयारी नाहीं त्याच्यावर खटलाच भरूं नका. आरोप करावयास निघालेल्या मनुष्यानें हें आधीं बोलावें, यांत मला त्याची मोठी योग्यता दिसते. तीन जण सुटले तेव्हां जॅक्सन यांस तें रुचलें नाहीं. तथापि निकाल देणारे दुसरे होते, ते नव्हते.

आतां तोकियोकडे येऊं, कारण तेथें आपल्या देशाचे दोन गृहस्थ होते. ३ मे १९४६ रोजीं जपानच्या अठ्ठावीस पुढाऱ्यांवरील खटला सुरू झाला. अकरा राष्ट्रांचे अकरा न्यायाधीश बसले. भारताचे न्यायाधीश राधाविनोद पाल, आणि फिर्यादी वकिलांत भारताचे गोविंद मेनन. एकाच देशाचा एक मनुष्य आरोप करणाऱ्यांत व दुसरा निवाडा करणाऱ्यांत. आणि १९४८ च्या नोव्हेंबरांत निकाल लागला तेव्हां पाल यांनीं मेनन यांच्या बाजूचे सर्व आरोप फेटाळून प्रत्येक आरोपीस निर्दोष ठरविलें! त्यांचें मत एकट्याचेंच पडलें. तें बरोबर कीं चूक याचा वाद आजवर मिटलेला नाहीं, व तो येथें मिटवावयाचा नाहीं. मेनन हे पुढें मद्रास हायकोर्टाचे न्यायाधीश झाले व १९५६ सालीं दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयांत गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयांत ज्यांनीं आरोप मांडले ते स्वदेशीं न्यायासनावर बसले, आणि त्याबद्दल कोणी तक्रार केली नाहीं. कारण तोकियोच्या आरोपींचा न्याय त्यांस करावयाचा नव्हता.

तक्रार झाली ती दुसऱ्या दोघांविषयीं. न्यायालयाचे अध्यक्ष ऑस्ट्रेलियाचे सर विल्यम वेब हे होते. युद्ध चालू असतांनाच जपानी सैन्याच्या अत्याचारांची चौकशी करण्याचें काम त्यांच्या सरकारनें त्यांजकडे सोंपविलें होतें. त्यांनीं साक्षी घेतल्या होत्या व अहवाल लिहिले होते. खटल्याच्या पहिल्याच दिवसांत जपानी वकिलांनीं आक्षेप घेतला कीं, ज्यानें आमच्याविरुद्ध चौकशी केली तो आमचा न्यायाधीश कसा? दुसरे फिलिपाईन्सचे डेल्फिन हारानिल्या. हे आपल्या देशाचे पूर्वींचे ॲटर्नी जनरल. शिवाय १९४२ सालीं बातानच्या ज्या पायपिटींत जपान्यांनीं कैद्यांस उपाशीं चालवून हजारों मारले, त्या पायपिटींतून हे स्वतः वांचलेले. म्हणजे वकील, साक्षीदार व पीडित हे तिन्ही एका झग्याखालीं! त्यांच्याविरुद्धहि अर्ज आला. दोन्ही आक्षेप फेटाळले गेले. सेनापति मॅकआर्थर यांनीं ज्यांस नेमलें त्यांस काढण्याचा अधिकार न्यायालयास नाहीं, एवढेंच कारण दिलें गेलें. आक्षेपाला खरें उत्तर कोणी दिलेंच नाहीं.

आणि शेवटीं काय झालें पाहा. हारानिल्या यांनीं लिहिलें कीं, कांहीं शिक्षा फार सौम्य झाल्या. याची अपेक्षा असावीच. परंतु वेब, ज्यांनीं अत्याचारांच्या साक्षी आपल्या कानांनीं ऐकल्या होत्या, त्यांनीं आपल्या वेगळ्या मतांत असें दर्शविलें कीं, ज्या सम्राटाच्या नांवानें युद्ध झालें तो सुटला असतां या वृद्धांस फांशी देण्यापूर्वीं विचार केला पाहिजे. म्हणजे चौकशी करणारा मवाळ झाला! मनुष्याच्या अंतःकरणांत काय चालेल हें त्याच्या पूर्वीच्या कामावरून निश्चित सांगतां येत नाहीं, असें यावरून दिसतें. मग आक्षेप चुकीचा होता काय? मला तसें वाटत नाहीं. वेब यांचें अंतःकरण वेब यांस ठाऊक. पिंजऱ्यांत उभ्या असलेल्या मनुष्यास तें कसें दिसावें? ज्याला शिक्षा व्हावयाची आहे त्यालाहि, वर बसलेल्यानें आपली बाजू मोकळ्या मनानें ऐकली, असें वाटण्यास जागा पाहिजे. पंचवीस जणांस शिक्षा झाली, सातांस २३ डिसेंबर १९४८ रोजीं फांशी दिलें. त्या निकालावर आजहि जो आक्षेप घेतला जातो त्याचें एक मूळ येथें आहे. आरोपी निरपराध होते असें मी म्हणत नाहीं. अपराध्यास सुद्धां बोलावयास जागा उरावी असा न्याय झाला, हेंच दुःखाचें आहे.

कोणी म्हणेल, आमच्या रामशास्त्र्यांनीं काय केलें? १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हां शास्त्रीबुवांनीं स्वतःच चौकशी केली, व राघोबादादांस त्यांच्या तोंडावर दोषी ठरविलें. आरोप आणि निवाडा एकाच मुखांतून निघाला, तरी सर्व महाराष्ट्र त्यांस न्यायाचा आदर्श मानतो. ही शंका रास्त आहे. परंतु शास्त्रीबुवा ज्याच्याविरुद्ध बोलले तो गादीवर बसलेला होता, आणि बोलण्यानें त्यांस कांहीं मिळालें नाहीं. उलट पद सोडून ते पुणें सोडून गेले. दुर्बळ मनुष्य बलवानाविरुद्ध बोलला तर आरोप व निवाडा एकत्र झाल्यानें फारसें बिघडत नाहीं, कारण निवाड्याची अंमलबजावणी त्याच्या हातीं नसतेच. बिघडतें तें बलवान मनुष्य दोन्ही करूं लागतो तेव्हां. महायाजकाच्या वाड्यांत त्या रात्रीं काय झालें हें वाचकांस पाठ आहे. ज्यांनीं साक्षीदार शोधले, त्यांनींच प्रश्न विचारले आणि त्यांनींच दोष ठरविला.

इंग्रजी अमदानींत आपल्याकडे कलेक्टर हाच जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट असे व पोलिसांवरहि त्याचीच देखरेख असे. पकडणारा व तपासणारा एकच, अशी ओरड काँग्रेस कितीतरी वर्षें करीत होती. आपल्याच जिल्ह्यांतील आष्टी येथें १६ ऑगस्ट १९४२ रोजीं जें घडलें तें जुन्या माणसांनीं आपल्या मुलांनातवंडांस सांगितलेलें आहे. लोक मेले, पोलीसहि मेले. मग ज्या सरकारचीं माणसें मेलीं त्याच सरकारनें खटला भरला व त्याच सरकारनें न्यायासनहि मांडलें. आष्टी व चिमूरच्या कैद्यांस फांशीच्या शिक्षा झाल्या; १९४५ सालीं त्या जन्मठेपेवर आल्या म्हणून जीव वांचले. पुढें भारताच्या राज्यघटनेच्या ५० व्या कलमांत न्यायखातें कारभारखात्यापासून वेगळें करावें असें लिहिलें गेलें, आणि १९७३ सालच्या फौजदारी संहितेनें तें देशभर बहुतांशीं अमलांत आलें.

हेग शहरांत आज जें आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे, त्यानें तोकियोचा हा धडा गिरविला आहे. १७ जुलै १९९८ रोजीं रोम येथें त्याचा करार मंजूर झाला व १ जुलै २००२ पासून तो अमलांत आला. भारत त्या दिवशीं तटस्थ राहिला व अद्याप करारांत सामील झालेला नाहीं. सबब सभासद राष्ट्रांतूनच निवडल्या जाणाऱ्या त्या अठरा न्यायाधीशांत भारतीय नांव शोधूं नये. परंतु एक नांव विचार करण्याजोगें आहे. श्रीमती तोमोको अकाने या जपानच्या. १९८२ पासून त्या सरकारी फिर्यादी वकील होत्या. २०१७ च्या डिसेंबरांत त्यांची नऊ वर्षांसाठीं न्यायाधीश म्हणून निवड झाली व २०२४ च्या मार्चांत त्या न्यायालयाच्या अध्यक्ष निवडल्या गेल्या. ज्या देशाचे पुढारी १९४६ सालीं पिंजऱ्यांत उभे होते त्याच देशाची एक स्त्री, आणि तीहि आयुष्यभर आरोप करण्याचें काम केलेली, अध्यक्षस्थानीं बसली! १७ मार्च २०२३ रोजीं युक्रेनमधील मुलें बेकायदा नेल्याच्या आरोपावरून रशियाच्या अध्यक्षांविरुद्ध जें पकडवॉरंट निघालें, तें काढणाऱ्या तीन न्यायाधीशांत त्या होत्या. त्याच वर्षीं रशियानें उलट त्यांचेंच नांव आपल्या गुन्हेगारांच्या यादींत घातलें. तिंबक्तूच्या एका खटल्यांत त्या तिघांपैकीं एक न्यायाधीश होत्या. २०२४ सालीं त्यांत निकाल लागला तेव्हां कांहीं आरोप शाबीत व कांहीं नाशाबीत ठरले.

जुन्या फिर्यादी वकिलास तेथें मज्जाव नाहीं. फौजदारी कामांत न्यायाधीश, फिर्यादी किंवा वकील म्हणून मिळविलेला अनुभव तर करारांत मागितलाच आहे. मग अटकाव कशाला आहे? ज्या खटल्याशीं पूर्वीं कोणत्याहि नात्यानें संबंध आला त्या खटल्यांत बसावयाचें नाहीं. इतकेंच नव्हे, ज्या न्यायाधीशानें प्राथमिक चौकशींत भाग घेतला, त्यास त्याच खटल्याच्या मुख्य सुनावणीस कोणत्याहि परिस्थितींत बसतां येत नाहीं. त्यानें आरोप केलेला नसतो. आरोपास प्रथमदर्शनीं आधार आहे एवढेंच म्हटलेलें असतें. तेवढ्यानेंहि मन बांधलें जातें, हें त्या नियमकर्त्यांनीं ओळखलें. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. यांत कोणाच्या प्रामाणिकपणावर ठपका नाहीं. ज्यानें पेरलें त्यानेंच मापाला बसूं नये, एवढाच त्याचा अर्थ.

आतां आपल्या मंडळ्यांकडे येतों. आपल्यांपैकीं पुष्कळांच्या घराण्यांनीं जातपंचायतीचा निवाडा सोसला आहे. विहीर बंद, विस्तव बंद, मयताला खांदा बंद. ज्यांनीं तक्रार केली तेच पंच, व दंडाचें जेवण खाणारेहि तेच. असा बहिष्कार घालणें हा महाराष्ट्रांत २०१७ च्या जुलैपासून गुन्हा आहे. परंतु ती रीत अंगणांतून गेली म्हणजे मनांतून गेली असें नव्हे. एका लहान मंडळींत हंगामाच्या अर्पणाच्या हिशोबांत कांहीं रुपये कमी आले. जो भाऊ हिशोब तपासतो त्यानें एका विधवा बाईच्या मुलाचें नांव घेतलें, कारण पेटी उचलून नेण्याचें काम त्या मुलाकडे होतें. रविवारीं पंच बसले. पंचांत मधोमध तोच भाऊ बसला होता. तोच विचारी, तोच उत्तर खोटें म्हणे, आणि शेवटीं इतर पंचांकडे वळून तोच विचारी, काय करावयाचें? इतर चौघे त्याच्याकडून कागद वाचून घेणारे, त्याच्या शब्दाबाहेर कसे जाणार? तो भाऊ लबाड नव्हता. त्याच्या मनांत मंडळीच्या पैशाची कळकळच होती. पैसे पुढें सांपडले कीं नाहीं हें मुद्दाम येथें लिहीत नाहीं, कारण ते त्या मुलानें घेतले असते तरीहि तो न्याय झाला नव्हता. तो मुलगा त्या रविवारीं एक वाक्यहि पुरें बोलूं शकला नाहीं, आणि त्याची आई मुख्य दारांतून उपासनेस यावयाची ती पुढें मागच्या भिंतीशीं येऊन बसूं लागली.

यावर उपदेशक बंधु मला उत्तर देतील, आणि तें खरेंहि आहे. पाळकसाहेब, आमच्या गांवांत लिहितां वाचतां येणारीं माणसें चार. हिशोब पाहावा आम्हीं, कमी आलें तर सांगावें आम्हीं, आणि पंच बसावयाचे तर आमच्यावांचून बसणार कोण? ही अडचण खोटी नाहीं. ज्यानें तक्रार आणली त्यास कोणीं गप्प बसवूं नये. चोरी झाकावी असेंहि मी सांगत नाहीं. त्यानें उभें राहून मोठ्यानें आपली तक्रार सांगावी, कागद दाखवावेत, साक्षी आणाव्यात. त्यानंतर पंचांच्या सतरंजीवरून उठून, ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच बाजूस, त्याच्या शेजारीं जाऊन बसावें. त्याची रिकामी जागा शेजारच्या मंडळीच्या माणसानें भरावी. सेलूच्या भावानें देवळीस जावें, देवळीच्या भावानें हिंगणघाटाकडे. ज्यास त्या गांवांतील पेटी, शेत, भाऊबंदकी यांपैकीं कशाशींच घेणेंदेणें नाहीं असा एक मनुष्य पांचांत असला तरी बाकीच्या चौघांच्या जिभा सुटतात. एसटीच्या तिकिटाचा प्रश्न निघेल. तो खर्च मंडळीच्या निधींतून द्यावा, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या घरीं त्या पाहुण्या पंचानें निकालाआधीं चहासुद्धां घेऊं नये. तक्रारदाराच्या घरींहि नको.